सल्ला सदर: ‘एकटा कंटाळेल’ म्हणून दुसरा आणला, आता शेपूट गेलं

इंग्लंडमधे राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे, नावगाव काढून थोडक्यात देते. मुलगा ११ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला त्याला एक क्रेस्टेड गेको, म्हणजे झाडावर राहणारी एक विदेशी पाल, आणून दिला, नाव लाडू. लाडू तसा मजेत होता, पण दिवसभर एका फांदीवर पडून असायचा, आणि हळूहळू घरात सगळ्यांना वाटायला लागलं की बिचारा एकटा आहे. त्यात सासूबाई सहा महिने राहायला आल्या, त्याही म्हणाल्या जिवाला जीव लागतो. ओळखीतलं एक कुटुंब पुण्याला कायमचं परत चाललं होतं, त्यांच्याकडचा गेको यांनी घेतला, तो चिवडा. चिवडा लाडूपेक्षा लहान, नर की मादी माहीत नाही, वयही माहीत नाही. आणला त्याच दिवशी लाडूच्या काचेच्या टँकमधे सोडला. पहिले काही दिवस दोघं एकाच पानावर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायचे, त्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. आता दोन महिने झालेत. गेल्या आठवड्यात रात्री कट-कट असा आवाज आला आणि सकाळी चिवड्याचं शेपूट टँकच्या तळाशी पडलेलं. आला तेव्हा वजन २२ ग्रॅम होतं, आता १९. सासूबाई म्हणतात पालीचं शेपूट परत येतं, काळजी कसली. नवरा म्हणतो टँक छोटा पडतोय, मोठा आणू. मुलगा म्हणतो ते बेस्ट फ्रेंड आहेत, वेगळं केलं तर दोघं रडतील. ताई विचारतात, “मोठा टँक घेऊ, वेगळे करू, का चिवड्याला कोणाला देऊन टाकू? एकट्याला ठेवणं मला क्रूर वाटतं. खरं सांगते, पहिल्या दिवसापासून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती, पण घरातल्या तीन पालींपैकी फक्त तिचंच कोणी ऐकलं नाही.”

ताई, हे वाचत असाल तर इथेच थांबा आणि आधी चिवड्याला बाहेर काढा. उद्या दुकान उघडल्यावर वगैरे नाही, आत्ता. घरात झाकणाचा एखादा पारदर्शक प्लास्टिकचा स्टोरेज डबा असेलच, तोच ज्यात दिवाळीचे कंदील आणि लायटिंगच्या माळा ठेवतो आपण, वीस-तीस लिटरचा असला तरी बास. दोन्ही बाजूंना वरच्या भागात भरपूर भोकं पाडा, आत तळाला किचन रोल अंथरा, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उभा करून ठेवा, टॉयलेट रोलच्या एक-दोन नळ्या, असली तर एखादी प्लास्टिकची वेल, बाटलीची दोन झाकणं, एकात पाणी एकात खाणं, आणि रात्री दिवे मालवायच्या आधी स्प्रेने हलकं पाणी मारा. झालं. त्याला हा महाल वाटेल, कारण इथे दुसरं कोणी नाही. डबा खिडकीत उन्हात ठेवू नका आणि रेडिएटरच्या डोक्यावर तर नकोच.

माती किंवा नारळाचा भुसा मुद्दाम नको म्हणतेय, शेपटीच्या जागी जखम आहे, तिला कण चिकटतात. रक्त फारसं येत नाही कारण शेपूट जिथे तुटतं ती जागा शरीराने आधीच ठरवून ठेवलेली असते, स्नायू आकसतात आणि ती जागा आपोआप बंद होते. काही लावायचं नाही. हळद तर अजिबात नाही, मला माहितीये हात डब्याकडे जातो आपला. किचन रोल रोज बदला आणि बघत राहा. सूज वाढली, जागा काळी पडत वर सरकायला लागली, पू दिसला किंवा आठवडाभर त्याने खाण्याला तोंडच लावलं नाही तर एक्झॉटिक, म्हणजे पाली-सापांसारखे वेगळे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जा, कुत्र्यामांजरांच्या नेहमीच्या व्हेटला पालींचा अनुभव असेलच असं नाही, फोन करतानाच विचारून घ्या.

आणि सासूबाईंना सांगा, त्यांचं म्हणणं चूक नाही, फक्त पाल वेगळी आहे. सांगलीच्या नाहीतर साताऱ्याच्या घरातल्या ट्यूबलाइटमागची पाल शेपूट टाकते आणि तिला नवं येतं, थोडं आखूड आणि वेगळ्या रंगाचं. क्रेस्टीचं, म्हणजे आपल्या क्रेस्टेड गेकोचं, येत नाही. एकदा गेलं की गेलं, मागे एक छोटंसं टोक राहतं, बास. पण यात रडण्यासारखं काही नाही, जंगलातले मोठे क्रेस्टी बहुतेक बिनशेपटीचेच असतात, चिवडा आयुष्यभर व्यवस्थित चढेल उड्या मारेल. शेपूट गेलं याचं मला एवढं वाईट वाटत नाहीये जेवढं त्या तीन ग्रॅमचं वाटतंय. २२ चे १९ म्हणजे सातवा हिस्सा गेला अंगातला. थोडं वजन शेपटीचंही असेल मान्य आहे, पण तुम्हीच लिहिलंय की शेपूट जायच्या आधीपासून तो बारीक दिसत होता.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या पूर्ण पत्रात ‘एकटा’ हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजलाय. लाडू एकटा आहे, एकटा कंटाळत असेल, एकट्याला ठेवणं क्रूर आहे. ताई, लाडू दिवसभर फांदीवर पडून असायचा कारण तो दिवस होता! हा निशाचर प्राणी आहे, संध्याकाळ झाली की याची सकाळ होते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी दोन वाजता झोपलेलं बघून कोणी म्हणालं की अरेरे डिप्रेशनमधे दिसतोय, एक रूममेट आणून देऊया, तसं झालं हे. रात्री अकराला दिवे घालवून तासभर टँकसमोर बसला असतात तर काचेवरून छतावर, छतावरून वेलीवर असा दंगा करणारा लाडू दिसला असता.

हे गेको मुळात न्यू कॅलेडोनियाचे, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिकमधे फ्रान्सच्या ताब्यातली बेटं आहेत तिथले. शास्त्रज्ञांनी १८६६ मधे यांची नोंद केली, नंतर इतकी वर्षं कोणाला दिसलेच नाहीत की संपले असंच समजत होते, आणि मग १९९४ मधे परत सापडले. म्हणजे लपून राहण्यात, कोणाच्या अध्यात ना मध्यात असण्यात यांचा हात कोणी धरणार नाही. कळप नाही, जोडी करून संसार नाही, अंडी घातली की आई निघून जाते, पिल्लू पहिल्या दिवसापासून आपलं आपण. आपल्याला हे ऐकून कसंतरी होतं कारण आपण चाळीत, वाड्यात, निदान व्हॉट्सॅप ग्रुपवर तरी गोतावळा धरून राहणारी माणसं. पण त्याच्या डोक्यात ‘सोबत’ नावाचा कप्पाच नाहीये, तो रिकामा कसा राहील?

मग ते एकमेकांवर पाय टाकून झोपायचे त्याचं काय, हे तुम्ही विचारणार, मुलगा तर नक्कीच विचारणार. विरार लोकलमधे चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाला विचारा. तीन जणांच्या बाकड्यावर चौघं बसतात, मांडीला मांडी खांद्याला खांदा, एखाद्याची मान दुसऱ्याच्या खांद्यावर पडलेली असते, तिसरीकडून फोटो काढला तर काय प्रेम आहे असं वाटेल. प्रेम नाही, जागा एकच आहे. टँकमधे झोपायला सगळ्यात चांगलं पान एकच असतं, योग्य उंचीवर, योग्य दमट, वरून झाकलेलं. दोघांनाही तेच हवं असतं. जो मोठा तो आपली जागा सोडत नाही, जो लहान तो दुसरीकडे जायला घाबरतो किंवा दुसरीकडे जागाच नसते. आणि पालींना पापण्या नसतात, फारसा ओरडा नाही, चेहऱ्यावर आठी नाही, भीती वाटली तरी ती स्तब्ध बसते आणि आपल्याला ती शांत वाटते. झाडावर असती तर पळाली असती. काचेत कुठे पळणार?

हे मी पुस्तकी बोलत नाहीये, माझ्याकडे दोन होत्या, दोन्ही माद्या, जिरं आणि मोहरी, लेस्टरला राहायचे तेव्हा. दोन माद्या चालतात असं ऐकलं होतं, टँक मोठा होता, सगळं दोन दोन ठेवलेलं, कधी भांडण नाही, चावणं नाही, शेपट्या जागेवर. मोहरी बारीक होती, मी म्हणायचे हाडापेराने बारीक आहे, आपल्यात नसतात का काही जण. आठ महिने मी हेच म्हणत बसले. मग घर बदललं, नव्या घरात मोठा टँक लावायला जागा नव्हती म्हणून नाइलाजाने दोघींना दोन छोट्या टँकमधे ठेवलं, आणि तीन महिन्यांत मोहरी २४ ग्रॅमवरून ३३ वर गेली. खाणं तेच, पावडरही तीच. जिरं तिला काही करत नव्हती, नुसती खाण्याच्या वाटीजवळ बसायची, एवढंच. अजूनही आठवलं की मला लाजल्यासारखं होतं.

त्यामुळे नवऱ्याच्या मोठ्या टँकच्या आयडियाबद्दल माझं मत तुम्हाला कळलं असेल, पण ती अगदीच टाकाऊ नाही म्हणून नीट सांगते. एका मोठ्या क्रेस्टीला ४५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ६० उंच टँक लागतो, उंची महत्त्वाची कारण हे झाडावरचे. दोन ठेवायचे तर याच्या कितीतरी मोठा, खाण्याच्या वाट्या दोन, वेगवेगळ्या उंचीवर, टँकच्या दोन टोकांना, लपायच्या जागा पाच-सहा, इतकी दाट झाडी की एकाला दुसरा दिसू नये. एवढं केलं तरी ते फक्त सारख्या वजनाच्या दोन माद्यांना चालू शकतं, चालेलच असं नाही, आणि न चालल्यास दुसरा टँक तयारच हवा. म्हणजे पैसे मोठ्या टँकचे पण घालवायचे आणि छोट्याचे पण. त्यापेक्षा दोन साधे टँक स्वस्त पडतात, हिशोब करून बघा.

आता चिवडा नर की मादी, हे बघणं आवश्यक आहे कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १९-२० ग्रॅमला कळायला पाहिजे. काचेवर चढलेला असताना खालून बघा, किंवा दोन आठवड्यांनंतर हातात घेऊन मुलाला मोबाइलने झूम करून फोटो काढायला लावा. नराला शेपटीच्या मुळाशी स्पष्ट फुगवटा असतो, चिवड्याची शेपटी गेलीये पण ही जागा शिल्लक असते, सूज उतरल्यावर बघा म्हणजे घोटाळा होणार नाही. दुसरी खूण, मागच्या पायांच्या मधे, त्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला खवल्यांच्या ओळीत टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं, भिंगातून दिसतात. छिद्रं दिसली तर नर. दिसली नाहीत तर मादी असेल किंवा उशिरा वयात येणारा नर असेल, हे गेको यात लोकांना अगदी उल्लू बनवतात, मादी म्हणून घेतलेली ‘ताई’ चार महिन्यांनी ‘दादा’ निघते.

दोन्ही नर असतील तर विषय संपला, परत एकत्र कधीच नाही, कितीही मोठा टँक असू दे. रात्रीचा तो कट-कट आवाज हा भांडणाचाच असतो बऱ्याचदा. नर एकमेकांना चावतात, बोटं जातात, जबड्याला जखमा होतात. वेगळ्या टँकमधे ठेवलेत आणि टँक शेजारी शेजारी असले तर मधे पुठ्ठा लावा, नाहीतर काचेतून एकमेकांना बघत बसतील आणि तणावात राहतील.

लाडू नर आणि चिवडा मादी असेल तर, ताई, मला जास्त काळजी वाटते. लोकांना वाटतं नर-मादी म्हणजे छान जोडी, लग्न लावून दिलं, झालं. पण नर मादीला सोडत नाही, मानेला चावून धरतो, आणि मादी दर महिना-सव्वा महिन्याला दोन अंडी अशी वर्षातले आठ-नऊ महिने घालत राहू शकते. अंड्यांसाठी कॅल्शियम कुठून येतं? तिच्या हाडांतून. टाळूच्या मागे दोन पांढऱ्या पिशव्या असतात, त्यात ती कॅल्शियम साठवते, त्या रिकाम्या झाल्या की हाडं मऊ पडायला लागतात, जबडा वाकडा, पाय थरथर. अनुभवी ब्रीडर लोक ३५ ग्रॅमच्या आतल्या, दीड वर्षापेक्षा लहान मादीला नराजवळ जाऊ देत नाहीत. चिवडा तर १९ ग्रॅमचं लेकरू आहे. आणि आज वेगळं केलं तरी प्रश्न लगेच मिटत नाही, मादी नराचं बीज अंगात महिनोन्महिने साठवून ठेवते, नंतर एकटीच असताना फलित अंडी घालू शकते. तेव्हा मादी ठरली तर डब्यात एक छोटी वाटी दमट मॉस (शेवाळ) किंवा नारळाच्या भुश्याची ठेवा, जखम बंद झाल्यावर, आणि खाण्यात कॅल्शियम जास्त. अंडी सापडली आणि पिल्लं नको असतील तर त्याच दिवशी फ्रीझरमधे टाका. हे वाचून मुलगा नाराज होईल. पण दोनाची चार, चाराची बारा होतात आणि प्रत्येकाला वेगळा टँक लागतो, आणि हे प्राणी १५-२० वर्षं जगतात, तो ३० वर्षांचा होईपर्यंत. सुनेला काय सांगणार आहात मग?

दोन्ही माद्या असतील तरी तुमच्या केसमधे उत्तर वेगळेच ठेवा असंच आहे. लाडू ४० ग्रॅमचा, म्हणजे चिवड्याच्या दुप्पट. आणि एकदा शेपूट गेलंय म्हणजे या दोघांचं जमत नाही हे त्यांनी स्वतःच कळवलंय, यापेक्षा स्पष्ट ते लिहून देणार नाहीत.

एक गोष्ट तुम्ही पत्रात अगदी जाता जाता लिहिलीये, की आणला आणि त्याच दिवशी सोडला. रागवत नाही पण हे परत करू नका. दुसऱ्याच्या घरून आलेला गेको, दिसायला ठणठणीत असला तरी, निदान एक महिना, जमलं तर दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचा, आधी जुन्याचं आवरायचं मग नव्याचं, मधे हात धुवायचे, चिमटे वाट्या वेगळ्या. जंत असतात, क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीमुळे होणारा आतड्याचा आजार असतो जो एकाकडून दुसऱ्याला जातो आणि ज्याला खात्रीचं औषध नाही, त्यात प्राणी खातो पण वाळत जातो. आता दोन महिने एकत्र काढलेत तर दोघांची विष्ठा तपासून घ्या, ताजा नमुना छोट्या डबीत घालून व्हेटकडे द्यायचा, प्राण्याला न्यायलाही लागत नाही बरेचदा. चिवड्याचं वजन कमी होण्यामागे लाडूच आहे असं मी धरून चाललेय, पण तपासल्याशिवाय ते गृहीतच. आणि हो, त्या वाट्या तुम्ही किचनच्या सिंकमधे धुता असं लिहिलंय, ते आजपासून बंद. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, त्यांना काही होत नाही, आपल्याला होतं, पाच वर्षांच्या आतली मुलं आणि म्हातारी माणसं यांना जास्त. सासूबाई घरात आहेत. बादली वेगळी, ब्रश वेगळा, हाताळून झालं की साबणाने हात.

खर्चाचं बोलू कारण खरी अडचण तिथेच असते, कोणी लिहीत नाही पण असते. चिवडा लहान आहे तोवर तो डबाच जरा मोठा आणि नीट हवेशीर केलात तरी काही महिने निघतील, तेवढ्यात सेकंडहँड टँक शोधा, गरम पाण्याने आणि प्राण्यांना चालणाऱ्या जंतुनाशकाने धुवून पूर्ण वाळवा. टँक उभे असतात, एकावर एक शेल्फमधे बसतात, जमिनीवर जागा एकाचीच जाते. पावडरचं तयार खाणं, ते पाण्यात कालवून देतात ते, एका पाकिटात दोघांचं होतं. आठवड्यातून एकदा कॅल्शियम लावलेले रातकिडे. घरात २२ ते २५ डिग्री असेल तर वेगळी हीटिंग लागत नाही, रात्री २० च्या आसपास उतरलं तरी चालतं, हिवाळ्यात त्याखाली जात असेल तर थर्मोस्टॅट लावूनच छोटी हीटिंग. थंडीपेक्षा यांना गरमीचा त्रास, २८ च्या वर नको, जुलैमधे तिकडे जे एक-दोन आठवडे उकडतं तेव्हा लक्ष ठेवा. बाकी दमटपणाचं म्हणाल तर रात्री स्प्रे मारल्यावर ८० टक्क्यांपर्यंत चढू दे, दिवसा ५० पर्यंत वाळू दे, सतत ओलं ठेवलं तर बुरशी येते.

याच निमित्ताने भारतातल्या वाचकांसाठी, कारण पुण्यामुंबईतून पण अशी पत्रं येतात. पुण्याच्या मे महिन्यात ३८-४० डिग्रीला हा प्राणी एसीशिवाय टिकणार नाही, इन्व्हर्टर आहे का हा प्रश्न आधी विचारा, गेको कुठे मिळतो हा नंतर. शिवाय २०२२ मधे वन्यजीव संरक्षण कायद्यात बदल झालाय, सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेले विदेशी प्राणी घरात असतील तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्यामुळे कोणताही विदेशी प्राणी घेण्याआधी तो यादीत आहे का ते बघा आणि विक्रेता कागद दाखवत नसेल तर घेऊ नका. आणि आपल्याकडची घोरपड, कासवं वगैरे पाळायचा विचार मनातून काढून टाका, तो सरळ गुन्हा आहे.

तुमच्याकडचा कायदा मला यात फार आवडतो. इंग्लंड-वेल्सचा २००६ चा अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्ट, त्यात प्राणी सांभाळणाऱ्याने त्याच्या कोणत्या गरजा भागवायच्या ते दिलंय, जागा, खाणं, नैसर्गिक वागणं, दुखण्यापासून बचाव, आणि त्यातच एक असं आहे की त्याची इतर प्राण्यांसोबत राहण्याची किंवा इतरांपासून वेगळं राहण्याची गरज. वेगळं राहणं ही सुद्धा गरज म्हणून लिहिलीये. तुम्हाला क्रूर वाटतं तेच कायद्याने कर्तव्य म्हणून धरलंय. घरात वाद झाला तर हे कलम वाचून दाखवा, नवरे लोकांना कलम दिसलं की पटतं.

मुलाचं काय करायचं. त्याला “ते भांडतात म्हणून वेगळे केले, शिक्षा” असं सांगू नका, लाडू त्याच्या लेखी व्हिलन होईल आणि लाडूने काही वाईट केलेलं नाही, त्याच्या झाडावर कोणीतरी आलं होतं. ११ वर्षांच्या मुलाला खरं कळतं. त्याला काम द्या. किचनमधला एक ग्रॅममधे दाखवणारा वजनकाटा गेकोंसाठी वेगळा काढा, दर रविवारी एका हलक्या डबीत बसवून दोघांचं वजन घ्यायचं आणि तुमच्या भिंतीवर कालनिर्णय असेलच, त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. ल ४१, च १९.५, असं. सासूबाईंनाही त्यात ओढा, पल्लीपतनाची पानं ज्यांनी आयुष्यभर वाचलीत, पाल डोक्यावर पडली तर काय आणि पायावर पडली तर काय, त्यांना पालीच्या वजनाचा हिशोब ठेवायला गंमत वाटेल. चार-पाच रविवारांनी आकडे वर जाताना दिसले की मुलाला ‘रडतील’चं उत्तर तुम्हाला द्यावंच लागणार नाही. आणि रात्री अधूनमधून त्याला अर्धा तास जास्त जागू द्या, लाल टॉर्च घेऊन लांबून बघायचं, हातात घ्यायचं नाही. चिवड्याला तर निदान दोन आठवडे अजिबात हातात घेऊ नका, खाणं पाणी आणि वजन एवढंच.

देऊन टाकायचं का, तर मी आत्ता नाही म्हणेन. या अवस्थेत दिला तर घेणारा आजारी प्राणी घेतोय, आणि चिवड्याचं हे दोन महिन्यांत दुसरं घर, तिसरं लगेच नको. जखम भरू दे, तपासणीचा रिझल्ट येऊ दे, वजन परत २२-२३ ला येऊ दे. त्यानंतरही दुसरा टँक घरात बसतच नसेल, किंवा तुमच्यावरच सगळं काम पडत असेल (पत्रावरून मला तसं वाटलं, रात्री बाराला स्प्रे तुम्हीच मारता ना?), तर एखाद्या अनुभवी माणसाला सगळी माहिती खरी खरी सांगून द्या, शेपूट कसं गेलं तेही. त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. फक्त तेव्हा लाडू परत ‘एकटा’ पडला म्हणून तिसरा आणू नका.

तुमच्या पत्रातलं शेवटचं एक वाक्य मी वर दिलं नाही कारण ते पालींबद्दल नव्हतं, की इकडे आल्यापासून दुपारी घरात इतकी शांतता असते की काचेतल्या पालीशी बोलते मी. बोला की. लाडूची हरकत नाही, तो तेव्हा झोपलेला असतो. पण त्याच्यासाठी आणलेली सोबत कोणाला हवी होती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि त्या सोबतीला टँक लागत नाही, शनिवारी कोणाला तरी जेवायला बोलवा.

चिवड्याचं रविवारचं वजन कळवा मला. आणि ते टोक भरतंय का त्याचा एक फोटो, ग्रुपवर नाही, मला.